सिमेंट वाळत नाही, धरतं! ब्लॉकचा धंदा सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या



सिमेंट ब्लॉकचा विषय निघाला की पहिला प्रश्न मशीनचा येतो. मशीन कितीला पडतं, दिवसाला किती ब्लॉक निघतात, सबसिडी मिळते का. प्रश्न बरोबरच आहेत. पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे ब्लॉक मुळात घट्ट होतो कशामुळे? तुम्ही म्हणाल, आपल्याला काय इंजिनिअर व्हायचंय का? नाही व्हायचं. पण या धंद्यात तुमचे पैसे किती दिवस अडकणार, जागा किती लागणार आणि गिऱ्हाईक परत येणार की शिव्या देणार, हे सगळं याच एका उत्तरावर ठरतं. म्हणून आज मशीन बाजूला ठेवू आणि सिमेंटच्या पोत्यापासून सुरुवात करू.

पोत्यात नेमकं काय असतं?

सिमेंटचा मुख्य कच्चा माल म्हणजे चुनखडी. तिच्यात थोडी चिकणमाती किंवा शेलसारखा खडक आणि गरजेप्रमाणे लोहखनिज, बॉक्साइट मिसळतात. हे सगळं दळून पिठासारखं बारीक करतात. ते पीठ उंच मनोऱ्यातून गरम हवेत तापत खाली येतं आणि भट्टीत शिरतं. ही भट्टी म्हणजे किंचित तिरकी ठेवलेली, आतून भट्टीच्या विटा लावलेली, सावकाश फिरणारी लोखंडी नळी. तिच्या तोंडाशी कोळशाची ज्वाळा असते आणि आतला माल साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या उष्णतेत चुना आणि मातीतली सिलिका एकमेकांत मिसळून करड्या-काळ्या गोळ्या तयार होतात. यांनाच क्लिंकर म्हणतात. क्लिंकर झपाट्याने थंड करतात, त्यात थोडा जिप्सम टाकून पुन्हा दळतात, आणि झालं सिमेंट.

जिप्सम कशाला? तो नसेल तर सिमेंटमध्ये पाणी टाकल्या टाकल्या काही मिनिटांत माल घट्ट व्हायला लागेल. फावडं मारायलाही वेळ मिळणार नाही. जिप्सममुळे आपल्याला काम करायला वेळ मिळतो. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटचा प्राथमिक सेटिंग टाइम ३० मिनिटांपेक्षा कमी असता कामा नये आणि अंतिम सेटिंग ६०० मिनिटांच्या आत व्हायला हवं.

आता यातली धंद्याची गोष्ट बघा. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो चुना उरतो, बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून निघून जातात. म्हणजे एक टन क्लिंकरसाठी साधारण दीड टन कच्चा दगड लागतो. ज्या मालातला तिसरा हिस्सा हवेत जाणार, तो लांबून वाहून आणायचा कोणी? म्हणून सिमेंटचे कारखाने चुनखडीच्या खाणीला चिकटून असतात. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस या पट्ट्यात ते का आहेत, याचं उत्तर हेच. सिमेंटचा कारखाना हा हजारो कोटींचा खेळ आहे, तो आपला नाही.

ब्लॉकचं मात्र उलटं आहे. ब्लॉकच्या वजनातला ऐंशी-नव्वद टक्के माल म्हणजे खडी आणि कच, जो तुमच्याच तालुक्यातल्या क्रशरवर मिळतो. तयार ब्लॉक जड, आणि वजनाच्या मानाने स्वस्त. तो शंभर किलोमीटरवरून आणणं कोणालाच परवडत नाही. म्हणून मोठी कंपनी तुमच्या तालुक्यात येऊन ब्लॉक विकत नाही, आणि म्हणूनच छोट्या माणसाला इथे जागा आहे.

ओपीसी की पीपीसी?

दुकानदार विचारतो "कुठलं देऊ?" आणि आपण म्हणतो "स्वस्त कुठलं?" इथे थांबा. ओपीसी म्हणजे जवळपास निव्वळ क्लिंकर आणि जिप्सम. पीपीसीमध्ये औष्णिक वीज केंद्राची राख, म्हणजे फ्लाय अॅश, १५ ते ३५ टक्के मिसळलेली असते.

५३ ग्रेड ओपीसीला ३ दिवसांत किमान २७, ७ दिवसांत ३७ आणि २८ दिवसांत ५३ मेगापास्कल ताकद द्यावी लागते. पीपीसीला हेच आकडे १६, २२ आणि ३३. याचा अर्थ पीपीसी वाईट असा अजिबात नाही. घराच्या स्लॅबला, प्लास्टरला, पायाला ते उत्तम. राख ही सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी हळूहळू क्रिया करते, त्यामुळे २८ दिवसांनंतरही ताकद वाढत राहते आणि काँक्रीट आतून भरीव होतं. पण ब्लॉकवाल्याला दुसऱ्या दिवशी ब्लॉक उचलून थप्पी लावायची असते. त्याला सुरुवातीची ताकद हवी. म्हणून बहुतेक ब्लॉक आणि पेव्हरवाले ५३ ग्रेड ओपीसी घेतात आणि राख वापरायची असेल तर स्वतः मोजून मिसळतात. कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, एकलहरे यांच्या आसपास असाल तर राखेचा विचार जरूर करा. फक्त एक लक्षात असू द्या, राख वाढवली की पाणी मारायचे दिवसही वाढतात. हे न सांगता "सिमेंट अर्धं करा, राख टाका" असा सल्ला देणारे खूप भेटतील.

पोतं घेताना त्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिने जुन्या सिमेंटची ताकद साधारण पाचवा हिस्सा कमी झालेली असू शकते, आणि पावसाळ्यात दमट गोदामात असेल तर त्याहून जास्त. मुठीत दाबून बघा. गाठी हाताने फुटत नसतील तर ते पोतं ब्लॉकसाठी घेऊ नका, कितीही सवलत मिळू दे. गोदामात पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब आणि दहापेक्षा जास्त थर न लावता ठेवा. आधी आलेलं आधी वापरा.

पाणी: मित्र पण आणि वैरी पण

"सिमेंट वाळलं" असं आपण म्हणतो. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटचे कण पाण्याशी रासायनिक क्रिया करतात, त्यातून सुईसारखे, जाळीसारखे नवे स्फटिक वाढतात, ते एकमेकांत आणि खडीच्या अंगात गुंततात. गवंडी याला "माल धरला" म्हणतो, आणि तोच शब्द बरोबर आहे. ही क्रिया पाण्याखालीही होते. उलट पाणी संपलं की ती थांबते. कडक उन्हात टाकलेला ब्लॉक दुपारपर्यंत पांढरा पडून टणक दिसतो, तेव्हा तो तयार झालेला नसतो, तहानलेला असतो.

मग पाणी जास्त टाकलं तर बरं की काय? नाही. ५० किलोच्या पोत्याला रासायनिक क्रियेसाठी लागतं फक्त अकरा-बारा लिटर पाणी. त्यावरचं पाणी आपण टाकतो ते माल हलवता यावा, साच्यात बसावा म्हणून. जे पाणी जास्त होतं ते नंतर उडून जातं आणि आपल्या जागी पोकळ्या सोडून जातं. पोकळ्या जास्त म्हणजे ताकद कमी. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे अमेरिकेत डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच मांडलं. आपल्या आयएस ४५६ या मानकात साध्या मोजमापाच्या एम-२० काँक्रीटला एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलंय. साइटवर किती पडतं ते तुम्हीच जाऊन बघा. पाइप सोडलेला असतो आणि मोजायला कोणीच नसतं.

ब्लॉकचा माल स्लॅबसारखा पातळ नसतो, तो कोरडसर असतो, कारण साचा लगेच काढायचा असतो. पाणी बरोबर आहे का हे ओळखायची साधी रीत आहे. माल मुठीत घेऊन लाडू वळतो तसा वळा. लाडू टिकला आणि तळहात नुसता दमट झाला, तर बरोबर. लाडू फुटला तर पाणी कमी. बोटांमधून पाणी आलं तर जास्त. रोज सकाळी पहिल्या घाण्याला ही तपासणी करा, कारण खडी-कचीतला ओलावा रोज वेगळा असतो. रात्री पाऊस पडून गेला तर कालचं माप आज चालत नाही.

पाण्याच्या जातीबद्दलही एक गोष्ट. पिण्यायोग्य पाणी असेल तर निर्धास्त. किनारपट्टीवर खाऱ्या विहिरीचं पाणी वापरलं तर ब्लॉकवर पांढरा क्षार फुटतो, पुढे भिंतीला लोणा लागल्याची तक्रार तुमच्याकडे येते. आणि सळईचं काम असेल तर खारं पाणी अजिबात नको, सळई आतून गंजते.

खडी, कच आणि घमेल्याची फसवणूक

आपल्या बहुतेक महाराष्ट्रात काळा दगड आहे. क्रशरवर तोच फोडून खडी, कच आणि क्रश सँड मिळते. दगड मजबूत आहे, त्यात शंका नाही. प्रश्न असतो तो धूळ-मातीचा. धूळ जास्त असेल तर ती पाणी पिते आणि सिमेंटला दगडाला चिकटू देत नाही. काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, हलवून दोन-तीन तास ठेवा. नदीची वाळू असेल तर वरचा गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त नको. क्रश सँडमध्ये दगडाची बारीक पूड थोडी जास्त चालते, पण ती दगडाची हवी, मातीची नाही. बोटांवर चोळा, चिकट लागली तर माती आहे.

सगळी खडी एकाच मापाची नको. मोठ्या दगडांच्या फटीत बारीक बसतो, बारीकच्या फटीत कच बसते, आणि उरलेल्या फटी सिमेंट भरतं. फटी जेवढ्या कमी, तेवढं सिमेंट कमी लागतं. सिमेंट वाचवायचा सरळ मार्ग हा आहे. प्रमाण कापून वाचवणं म्हणजे बचत नाही, त्याच्याकडे पुढे येऊच.

आणि आता घमेलं. ओली वाळू फुगते हे तुम्हाला माहीत आहे का? साधारण पाच टक्के ओलावा असलेली बारीक वाळू पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत फुगू शकते. म्हणजे घमेलं तेच, पण आतली वाळू कमी. वाळू तेवढीच समजून तुम्ही माल करता आणि पोत्यामागे ब्लॉक कमी निघतात. मग मालक कामगारावर संशय घेतो की सिमेंट कुठे चाललंय! म्हणून सुरुवातीपासून वजनावर काम करा. साधा प्लॅटफॉर्म काटा घेतलात तरी खूप झालं.

मशीनमधून निघाला म्हणजे तयार झाला नाही

माल मिसळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात साच्यात गेला पाहिजे. जेवणाची सुट्टी झाली, माल आवळला, म्हणून वरून पाणी मारून पुन्हा फिरवायचा, हे प्रकार बंद. ज्या स्फटिकांनी जोडायला सुरुवात केली होती ते तुम्ही तोडता आणि वरून पाणीही वाढवता. त्यापेक्षा लहान घाणा करा.

व्हायब्रेशन आणि दाबामुळे आतली हवा निघते. ब्लॉक वजनावर ओळखा. १६ × ८ × ६ इंची, म्हणजे ४०० × २०० × १५० मिमीचा भरीव ब्लॉक साधारण २५ किलोचा भरायला हवा. किलोभर इकडे-तिकडे होईल, पण २१ किलोचा निघाला तर आत हवा आहे, समजून जा.

यानंतर येतं पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग. काँक्रीट ब्लॉकचं मानक आयएस २१८५ सांगतं की किमान १४ दिवस पाणी द्या आणि त्यानंतर चार आठवडे वाळू द्या. पहिले १४ दिवस कशासाठी ते आपण वर पाहिलं. नंतरचे चार आठवडे कशासाठी? कारण ओला ब्लॉक वाळताना थोडा आकसतो. तो तुमच्या आवारात आकसला तर कोणाचंच काही बिघडत नाही. पण भिंतीत बसल्यावर आकसला तर सांधे उघडतात, प्लास्टरला केसासारख्या भेगा पडतात. घरमालक ठेकेदाराला धरतो, ठेकेदार तुम्हाला. ब्लॉक मजबूत असूनही नाव खराब होतं.

बाजारात काय चालतं ते मला माहीत आहे. आठ-दहा दिवसांत माल ट्रॉलीत भरला जातो. मागणी असते, उधारी थकलेली असते, जागा भरलेली असते. कोणी हौसेने कच्चा माल विकत नाही. पैसे अडकतात म्हणून विकतो. आणि ते अडकणार आहेत हे त्याने सुरुवातीला धरलेलंच नसतं.

आता कागद-पेन घ्या

समजा तुम्ही रोज १,००० ब्लॉक काढता, महिन्यात २५ दिवस. १४ अधिक २८ म्हणजे ४२ दिवस. त्यात कामाचे दिवस साधारण ३५. म्हणजे पहिला ब्लॉक विक्रीला तयार होईल तेव्हा तुमच्या आवारात ३५,००० ब्लॉक उभे असतील. माल, मजुरी, वीज मिळून एका ब्लॉकला सोयीसाठी ३५ रुपये धरू. झाले सव्वाबारा लाख. हे मशीनच्या किमतीत नाहीत, शेडमध्ये नाहीत. हे निव्वळ थप्पी लावून उभे असलेले पैसे आहेत. त्यावर ठेकेदाराची महिनाभराची उधारी वेगळी.

जागेचंही बघा. ३५,००० ब्लॉक म्हणजे ४२० घनमीटर. दीड मीटर उंच थप्पी लावली तर नुसत्या थप्पीला २८० चौरस मीटर. मधून पाणी मारायला, हातगाडी फिरवायला वाट सोडायची, म्हणजे दुप्पट धरा. साडेपाच-सहा गुंठे इथेच गेले. रोजचे ताजे ब्लॉक पसरायला, खडी उतरवायला, ट्रॅक्टर वळवायला जागा त्याच्या वर. ज्यांनी पाच गुंठ्यांत १,००० ब्लॉकचं मशीन बसवलंय, त्यांच्याकडे कच्चा माल विकण्याशिवाय पर्यायच नसतो.

एवढं भांडवल नसेल तर काय? रोज ४०० ब्लॉकने सुरुवात करा. तेच गणित पाच लाखांच्या आत येतं. मशीनवाला मोठं मशीन दाखवणार, ते त्याचं काम आहे. पीएमईजीपीखाली कर्ज घेत असाल तर प्रकल्प खर्चात खेळत्या भांडवलाची एक सायकल धरता येते. ती प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये १५ दिवसांची लिहायची की ४२ दिवसांची, हे सीएवर सोडू नका, स्वतः बसून लिहून घ्या. बँक मॅनेजरने विचारलं "एवढे दिवस का?" तर वरचं सगळं सांगा. धंदा समजलेला माणूस समोर बसलाय हे त्याला कळतं.

राहिली प्रमाणाची गोष्ट. एका पोत्यात किती ब्लॉक काढायचे? समजा ५० किलो सिमेंटला ४०० किलो खडी-कच घेतली, तर २५ किलोचे १८ ब्लॉक निघतात. शेजारचा २४ काढतो. पोतं ३५० रुपयांना धरलं तर तुमच्या ब्लॉकमध्ये १९ रुपये ४४ पैशांचं सिमेंट, त्याच्यात १४ रुपये ५८ पैशांचं. ब्लॉकमागे पावणेपाच रुपयांहून जास्त फरक. रोज १,००० ब्लॉकला महिन्याचे सव्वा लाखाच्या आसपास. मोह होणारच!

पण १८ बरोबर की २४, हे माझ्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर ठरवू नका. ते लॅबमध्ये ठरतं. भरीव ब्लॉकला मानकात ४ किंवा ५ मेगापास्कलचा वर्ग आहे. ४ मेगापास्कल म्हणजे आपल्या सहा इंची ब्लॉकने जवळजवळ २४ टन वजन पेललं पाहिजे. तुमची खडी चांगली असेल, मशीनचा दाब चांगला असेल आणि पाणी नीट मारत असाल तर कदाचित २० ब्लॉकलाही ही ताकद मिळेल. मग खुशाल २० काढा, ती तुमची हक्काची कमाई. नाही मिळाली तर १७ वर या आणि दर वाढवा. जवळच्या पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ही चाचणी होते. वेगवेगळ्या प्रमाणाचे ब्लॉक घेऊन जा, प्रत्येकावर तारीख आणि प्रमाण रंगाने लिहा, तारखेप्रमाणे वहीत नोंद करा. पेव्हर ब्लॉक काढणार असाल तर हा खर्च टाळूच नका, कारण तिथे मागणी एम-३० पासून वरची असते आणि ग्रामपंचायत, नगरपालिकेच्या कामात टेस्ट रिपोर्ट मागतातच.

हा रिपोर्ट आला की त्याची एक प्रत ऑफिसच्या भिंतीवर लावा आणि कोटेशनसोबत प्रत्येक ठेकेदाराला द्या. वर तयार केल्याची तारीखही ब्लॉकच्या थप्पीवर लिहा. दोन-तीन रुपये दर जास्त का, याचं उत्तर तोंडी देत बसावं लागत नाही. मशीन हाताचं घ्यायचं, हायड्रॉलिक घ्यायचं की एग लेइंग, हे पुढच्या व्हिडिओत घेतो. तोपर्यंत तुमच्या भागातल्या दोन क्रशरवर जाऊन कचीचा भाव आणि नमुना, दोन्ही घेऊन या.